मार्टिन लूथर आणि मृतांचे पुनरुत्थान

मार्टिन लूथरचे नाव निघाले की आपल्या मंडळ्यांत बहुधा एकच चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. ३१ ऑक्टोबर १५१७ चा दिवस, विटेनबर्गच्या किल्ल्यातील चर्चचे दार, आणि हातोडा घेऊन त्या दारावर ९५ विधाने ठोकणारा मठवासी. शब्बाथशाळेतील मुलांना हे चित्र फार आवडते. (विधाने खरोखर दारावर ठोकली, की केवळ वरिष्ठांना पत्राबरोबर पाठवली, याविषयी इतिहासकारांत वाद आहे. तो आम्ही येथे काढत नाही.) परंतु लूथरच्या आयुष्यात आणखी एकदा हातोड्याचा आवाज झाला. तो ऐकल्यावाचून हा मनुष्य पुरता कळत नाही, असे आम्हांस वाटते. तो आवाज १५४२ च्या सप्टेंबर महिन्यात झाला, आणि हातोडा पडत होता तो त्याच्या तेरा वर्षांच्या मुलीच्या पेटीवर. तेथपर्यंत जाण्यासाठी थोडे मागे वळावे लागेल.

लूथरचा जन्म १० नोव्हेंबर १४८३ रोजी जर्मनीतील आयस्लेबेन गावी झाला. बाप तांब्याच्या खाणींच्या धंद्यातला, कष्टाने वर आलेला. मुलाने वकील व्हावे म्हणून त्याने त्याला एर्फुर्टच्या विद्यापीठात घातले. २ जुलै १५०५ रोजी हा मुलगा घरून एर्फुर्टला परत चालला असता वाटेत वादळाने गाठले आणि वीज अगदी जवळ पडली. त्या भयात त्याने संत ॲनेला हाक मारून मठात जाण्याचा नवस केला, आणि पंधरा दिवसांच्या आत तो मठाच्या दाराशी उभा राहिला. देवाच्या ओढीने नव्हे, तर मरणाच्या भयाने तो मठात गेला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्या काळच्या चर्चमधून ख्रिस्ताचे एक चित्र हमखास असे : मेघधनुष्यावर बसलेला, हाताखाली सर्व जगाचा न्याय चाललेला ख्रिस्त. त्या चित्राकडे पाहून आपल्याला कापरे भरत असे, हे लूथरने पुढे अनेक वेळा सांगितले. ख्रिस्त उठला आहे हे त्याला ठाऊक होते, पण तो उठला तो आपल्याला शिक्षा करण्यासाठीच, अशी त्याची समजूत होती.

मेलेल्यांच्या भोवती त्या काळी मोठा व्यवहार उभा राहिला होता. मरणानंतर आत्म्याला शुद्धिस्थानात वर्षानुवर्षे जळावे लागते आणि मिस्सा, दाने, क्षमापत्रे यांनी ती वर्षे कमी होतात, अशी शिकवण होती. लूथरच्या स्वतःच्या गावात सॅक्सनीच्या अधिपतीने संतांची हाडे, वस्त्रांचे तुकडे असे अवशेष जमवले होते. १५२० साली त्यांची संख्या १९ हजारांवर गेली होती, आणि त्यांच्या दर्शनाला शिक्षेच्या माफीची वर्षे जोडलेली होती. ईस्टरच्या दिवशी पुनरुत्थानाची गीते गाइली जात, यात शंका नाही. परंतु मरणाऱ्याच्या उशाशी ते पुनरुत्थान कोणाच्या उपयोगी पडत नव्हते. तेथे हिशेबच चाले.

लूथरला रोमकरांस पत्रातून विश्वासाने नीतिमान ठरण्याचे सत्य कसे गवसले, १५२१ साली वर्म्स येथे तो सम्राटापुढे कसा उभा राहिला, नव्या कराराचे जर्मन भाषांतर १५२२ साली कसे बाहेर पडले, हा भाग वाचकांना ठाऊक आहे, म्हणून तो आम्ही ओलांडतो. एवढेच सांगू की त्या सत्याने लूथरचे मरणाकडे पाहणेच पालटले. पाप क्षमा झाले असेल तर मरणाच्या हाती उरते काय? १५२४ साली मंडळीने गावी अशी जर्मन गीते त्याने छापवली, त्यांत एक ईस्टरचे आहे. त्यात जीवन आणि मरण यांची जुंपलेली झुंज तो रंगवतो, आणि झुंजीच्या शेवटी मरण हे थट्टेचा विषय होऊन जाते. पुढे बाखने त्या गीतावर रचलेले संगीत आजही जगभर ऐकले जाते.

पण गीत लिहिणे निराळे आणि घरात मरण येणे निराळे.

१५२५ साली लूथरने कॅथरीन फोन बोरा या मठ सोडून आलेल्या स्त्रीशी लग्न केले. दोन वर्षांनी, १५२७ च्या ऑगस्टात, विटेनबर्गला प्लेग आला. विद्यापीठ येना येथे हलले. लूथरनेही निघावे असा अधिपतीचा आग्रह होता. लूथर निघाला नाही. बुगेनहागेन नावाच्या पाळकाबरोबर तो गावात राहिला, आजाऱ्यांच्या घरी जात राहिला, आणि त्याचे स्वतःचे घर इस्पितळासारखे झाले. नगराध्यक्षाच्या पत्नीने तर जवळजवळ त्याच्या हातांतच प्राण सोडला. कॅथरीन त्या वेळी गरोदर होती. याच दिवसांत प्लेगपासून पळावे की नाही यावर त्याने एक छोटे पुस्तक लिहिले. ते आंधळ्या धाडसाचे पुस्तक नाही. औषध घ्या, घरे धुरी देऊन शुद्ध करा, जेथे आपली गरज नाही तेथे उगाच जाऊ नका, असे तो सांगतो. पण पाळक, अधिकारी, आईबाप, चाकर अशा ज्यांच्यावर दुसऱ्याचा भार आहे, त्यांनी जागा सोडू नये.

या पुस्तकाच्या शेवटी त्याने कबरस्थानाविषयी लिहिले आहे, ते आम्हांस विशेष वाटते. विटेनबर्गचे कबरस्थान गावाच्या मध्यावर होते आणि तो एक रहदारीचा रस्ताच होऊन बसला होता. माणसे आणि गुरे त्यातून येत-जात. कबरस्थान गावाबाहेर, हवेशीर जागी असावे, आणि ते शांत असावे, असे लूथर म्हणतो. पहिले कारण आरोग्याचे. दुसरे असे की तेथे जाऊन मनुष्याला मरण, शेवटचा न्याय आणि पुनरुत्थान यांचे मनन करता यावे. भिंतींवर तशी चित्रेही काढावीत. मृतांसाठी मिस्सा आणि क्षमापत्रे काढून टाकल्यावर कबरस्थान ओसाड पडू द्यायचे नाही, तर तेथे आशेची शिकवण चालावी, असा त्याचा रोख होता. आपल्या कित्येक मंडळ्यांची कबरस्थाने वर्षातून एकदाच साफ होतात. यावर अधिक काय लिहावे?

प्लेगच्या त्या हिवाळ्यात, १० डिसेंबर १५२७ रोजी, कॅथरीनला मुलगी झाली. तिचे नाव एलिझाबेथ. ती आठ महिने जगली आणि ३ ऑगस्ट १५२८ रोजी वारली. दोन दिवसांनी लूथरने एका मित्राला पत्र लिहिले. बापाचे अंतःकरण लेकरासाठी इतके हळवे होत असेल याची आपल्याला पूर्वी कल्पनाच नव्हती, अशी कबुली त्याने त्यात दिली आहे. १५३० साली तो कोबुर्गच्या किल्ल्यात असताना बाप वारल्याची बातमी आली. पत्र वाचताच त्याने आपले स्तोत्रसंहितेचे पुस्तक उचलले, खोलीत गेला, आणि इतका रडला की दुसऱ्या दिवशी त्याचे डोके चालेना. त्याच किल्ल्यात त्याने आपल्या आवडत्या ११८ व्या स्तोत्रावर विवरण लिहिले. मी मरणार नाही, जगेन, या अर्थाच्या ज्या वचनावर त्याने तेथे भर दिला, ते त्याने कोरड्या डोळ्यांनी लिहिलेले नाही.

आता १५३२ सालाकडे येऊ. त्या वर्षी ११ ऑगस्टला लूथरने विटेनबर्गच्या मंडळीपुढे १ करिंथ १५ वा अध्याय घेतला. तो अध्याय त्याला पुढच्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत पुरला : एका अध्यायावर सतरा उपदेश! आणि सुरुवात होऊन पाच दिवस होतात न होतात तोच, १६ ऑगस्टला, सॅक्सनीचा अधिपती योहान एकाएकी वारला. सुवार्तेसाठी १५३० साली आऊग्सबुर्ग येथे सम्राटापुढे ठाम उभा राहिलेला हा राजा होता आणि लूथरचे संरक्षणही त्याच्याच हाती होते. त्याच्या दफनाच्या प्रसंगी लूथरने १ थेस्सलनीकाकरांस पत्राचा चौथा अध्याय घेऊन दोन उपदेश केले.

त्या उपदेशांत त्याने प्रथम काय केले, तर लोकांना रडण्याची मोकळीक दिली. पौलाने शोक करू नका असे म्हटलेले नाही, हे त्याने दाखवले. आशा नसलेल्या लोकांसारखा शोक करू नका, एवढेच प्रेषिताचे म्हणणे आहे. प्रियजन गेल्यावर ज्याला काहीच वाटत नाही, त्याला लूथर विश्वासाचा वीर म्हणत नाही. मनुष्य म्हणजे लाकूड किंवा दगड नव्हे. असा निर्विकारपणा हा माणसाने स्वतः बनवलेला सद्गुण आहे, देवाला तो नको आहे, असे त्याचे मत.

हे आम्ही मुद्दाम लांबवून सांगत आहोत. आपल्याकडे मूल गेलेल्या आईजवळ जाऊन, ख्रिस्ती माणसाने रडू नये, पुनरुत्थानावर विश्वास नाही का, असे म्हणणारी भली माणसे प्रत्येक मंडळीत भेटतात. त्यांचा हेतू वाईट नसतो. परंतु त्या आईला दुःख एक होते ते दोन होतात : लेकरू गेले ते गेलेच, वर आपला विश्वासही खोटा ठरला. पुनरुत्थानाचे सत्य तिला आधार देण्यासाठी होते. ते तिच्यावर आरोप म्हणून ठेवले जाते.

आणि पुनरुत्थानाविषयी लूथर ढिला होता म्हणून त्याने असे सांगितले असे कोणी समजू नये. त्या सतरा उपदेशांत तो पौलाचा मुद्दा घट्ट धरून ठेवतो. मृतांचे पुनरुत्थान नसेल तर ख्रिस्तही उठला नाही. ख्रिस्त उठला नसेल तर उपदेश पोकळ, बाप्तिस्मा पोकळ, पापक्षमा पोकळ. हे एक कलम गेले की मागे काही शिल्लक राहत नाही. सुवार्ता ऐकूनही पुष्कळ जण दुसरे जीवन नाहीच अशा रीतीने वागतात, याची तक्रार तो आपल्याच गावकऱ्यांपुढे करतो. तसेच, आत्मा अमर आहे एवढे म्हणून भागत नाही. तसे तर ख्रिस्ताला न ओळखणारे तत्त्वज्ञानीही म्हणत होते. आपल्या देशात तर हे वाक्य घराघरांत ऐकू येते, आणि आपलेही लोक दफनाच्या वेळी आत्मा सुटला, देह माती झाला, असे म्हणून थांबतात. पौल तेथे थांबत नाही. जो देह पेरला जातो तोच उठवला जाईल, असे त्याचे म्हणणे आहे.

येथे लूथर शेतकऱ्यांना समजेल असे बोलतो. शेतकरी चांगले धान्य घरातून काढून मातीत टाकतो. ज्याला शेती ठाऊक नाही त्याला वाटेल, हा वेडा धान्य नासतो आहे. शेतकऱ्याला मात्र उन्हाळ्यातले पीक डोळ्यांपुढे दिसत असते. तसे कबरस्थान हे देवाचे शेत आहे. जर्मन भाषेत कबरस्थानाला देवाचे शेत असा शब्दच आहे, आणि लूथरने त्या शब्दाचा पुरेपूर उपयोग करून घेतला. दुसरा दाखला त्याने बाळंतपणाचा दिला. मूल जन्मताना डोके बाहेर आले की कठीण भाग संपला, बाकीचे शरीर मागोमाग येते. ख्रिस्त हा मंडळीचे मस्तक आहे. तो मरणातून बाहेर आला आहे. आता शरीर आत राहूच शकत नाही. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी गव्हाच्या दाण्याचा दाखला लहान मुलांना सांगावा आणि हा दुसरा प्रौढांच्या वर्गात सांगावा. खेड्यातील बायकांना तो पाळकांपेक्षाही लवकर उमजतो.

दहा वर्षे गेली. एलिझाबेथनंतर ४ मे १५२९ रोजी जन्मलेली माग्डालेना आता तेरा वर्षांची होती. घरात तिला लेन्खेन म्हणत. १५४२ च्या सप्टेंबरात ती आजारी पडली आणि आजार वाढत गेला. तिचा थोरला भाऊ हान्स तोर्गाव गावी शाळेत होता, आणि तिला त्याला भेटण्याची फार ओढ लागली. लूथरने तेथील शिक्षकाला पत्र लिहून गाडी पाठवली. मुलाला कारण सांगू नका, एवढेच कळवले. हान्स घरी आला.

तिच्या मरणाच्या आदल्या रात्री कॅथरीनला स्वप्न पडले. दोन सुंदर, सजलेले तरुण आले आहेत आणि लेन्खेनला लग्नाला न्यायचे आहे म्हणतात. सकाळी मेलांक्थोन घरी आला तेव्हा तिने त्याला ते सांगितले. तो दचकला, तिला काही बोलला नाही, पण दुसऱ्यांना म्हणाला की ते तरुण देवदूत आहेत आणि खऱ्या लग्नाला न्यायला आले आहेत.

लूथर मुलीच्या बिछान्याशी बसला होता. येथे या बापाजवळ राहायला तुला आवडेल, आणि तेथल्या पित्याकडे जायलाही तू खुशीने तयार आहेस ना, असे त्याने तिला विचारले. होय बाबा, जशी देवाची इच्छा, अशा अर्थाचे ती बोलली. बाप तोंड फिरवून पुटपुटला की आत्मा उत्सुक असला तरी देह अशक्त आहे, माझे तिच्यावर फार प्रेम आहे. मग तो बिछान्यापुढे गुडघ्यांवर पडला आणि हमसून रडत देवाने तिला सोडवावे अशी प्रार्थना केली. २० सप्टेंबर रोजी त्याच्याच हातांत तिचा प्राण गेला. कॅथरीन त्याच खोलीत होती, पण दुःखाने तिला बिछान्याजवळ येववेना.

तिला पेटीत ठेवल्यावर तिच्याकडे पाहत लूथर म्हणाला की लेन्खेन पुन्हा उठेल आणि ताऱ्यासारखी, नव्हे सूर्यासारखी चमकेल. त्याच दमात त्याने हेही म्हटले की ती शांतीत आहे हे पक्के ठाऊक असून आपल्याला इतके दुःख व्हावे हे नवल आहे. पेटीचे झाकण ठोकू लागले तेव्हा तो म्हणाला, ठोका खुशाल. शेवटच्या दिवशी ती उठणारच आहे.

एवढ्यावर गोष्ट संपवली असती तर ती ऐकायला छान झाली असती, आणि बहुतेक चरित्रे येथेच थांबतात. परंतु तीन दिवसांनी त्याने आपला मित्र युस्तुस योनास याला जे पत्र लिहिले, ते वगळणे बरे नव्हे. आम्ही दोघांनी खरे म्हणजे देवाचे उपकारच मानले पाहिजेत, असे तो लिहितो. देह, जग आणि सैतान यांच्या तावडीतून ती सुटली. पण मायेचे बळ असे आहे की हुंदक्यांवाचून, आतल्या आत मेल्यावाचून, उपकार मानणे आम्हांस जमत नाही. तिचा चेहरा, तिचे बोलणे, तिचे चालणे काळजात रुतून बसले आहे. ख्रिस्ताच्या मरणाचे स्मरणही ते पुरते काढू शकत नाही, जसे काढले पाहिजे तसे. हे लिहिणारा कोण, तर पुनरुत्थानावर सतरा उपदेश केलेला लूथर! काही वाचकांना हे अविश्वासाचे बोल वाटतील. आम्हांस तसे वाटत नाही. पेटीपुढचे शब्द आणि हे पत्र एकाच मनुष्याचे आहेत, एकाच आठवड्यातले आहेत, आणि दोन्ही खरे आहेत. ज्याला उठणे आहे अशी खात्री नाही, तो इतक्या उघड्या मनाने रडायलाही भितो. तो दुःख झाकतो किंवा त्यात बुडतो.

त्याच वर्षी दफनाच्या गीतांचा एक संग्रह विटेनबर्गला छापला गेला आणि त्याला लूथरने प्रस्तावना लिहिली. मृतांसाठीच्या मिस्सा, रात्रीचे जागर, शुद्धिस्थानाची भीती घालणारे विधी हे सर्व आपण काढून टाकले, याची तो आठवण देतो. त्यांच्या जागी आता पापक्षमा, विसावा, निद्रा, जीवन आणि मेलेल्या ख्रिस्ती जनांचे पुनरुत्थान यांची गीते गावीत, की विश्वास बळकट व्हावा. जुन्या चालींपैकी ज्या सुरेख होत्या त्या त्याने टाकल्या नाहीत. शब्द तेवढे पालटले. कबरेवर लिहायचेच तर पवित्र शास्त्रातील वचने लिहावीत, अशी सूचनाही तेथे आहे.

आम्ही लूथरला संत करू इच्छीत नाही. पुढच्याच वर्षी, १५४३ साली, त्याने यहूदी लोकांविरुद्ध जे लिहिले ते लाजिरवाणे आहे, आणि त्याच्या नावाच्या मंडळ्यांनीही ते नंतर नाकारले आहे. तेही त्याच हाताने लिहिले, हे मुलांना मोठे झाल्यावर सांगितले पाहिजे.

१५४६ च्या जानेवारीत, प्रकृती खालावलेली असता, मान्सफेल्डच्या सरदारांचा आपसांतला तंटा मिटवण्यासाठी तो आयस्लेबेनला गेला. तंटा मिटला. १७ फेब्रुवारीच्या संध्याकाळी छातीत कळा येऊ लागल्या. रात्री योनास आणि दुसरे एक पाळक जवळ होते, दोन धाकटे मुलगे होते. ख्रिस्तावर आणि जे शिकवले त्यावर भरवसा ठेवून आपण मरता काय, असे त्यांनी मोठ्याने विचारले. ऐकू येईल अशा आवाजात त्याने होय म्हटले. १८ फेब्रुवारीच्या पहाटे, ज्या गावी जन्म झाला त्याच गावी, त्याने प्राण सोडला. २२ तारखेला विटेनबर्गच्या त्याच किल्ल्यातील चर्चमध्ये, उपदेशपीठाजवळ, त्याला पुरले.

कॅथरीनने एप्रिलमध्ये आपल्या भावजयीला पत्र लिहिले. अशा मनुष्यासाठी कोणाला दुःख होणार नाही, असे तिने विचारले आहे. अन्न जात नाही, पाणी जात नाही, झोप येत नाही, असे तिने त्यात कळवले. पुढे युद्ध आले, शेतीवाडी उद्ध्वस्त झाली, आणि १५५२ साली पुन्हा प्लेग आला तेव्हा मुलांना घेऊन ती तोर्गावला निघाली. वाटेत गाडीचे घोडे उधळले आणि ती पडून जबर दुखावली. २० डिसेंबर १५५२ रोजी ती वारली. तोर्गावच्या चर्चमध्ये तिच्या कबरेचा दगड आजही आहे. हान्सला बहिणीच्या भेटीसाठी गाडीने बोलावून आणले होते ते याच गावाहून.